अठ्ठावीस तर्जन्या

बारा दिवसांच्या रजेनंतर बाईंनी आयटीआयच्या फिटर विभागाचं दार ढकललं आणि एक पाय आत, एक पाय बाहेर अशा त्या तिथंच उभ्या राहिल्या. तसं सगळं जागच्या जागी होतं. लोखंड पकडून ठेवणारे तीस व्हाइस, तीस पोरंपोरी, लोखंडाच्या भुकटीचा तो थेट जिभेवर येणारा वास, मोठ्या खिडक्यांतून येणारा सरळ उजेड, आणि कानशींचा आवाज. बाहेरच्या माणसाला तो नुसता कर्कश वाटतो. बाईंना मात्र त्या आवाजात कोण घाईत आहे, कोण कंटाळलंय, कुणाची कानस लोखंड न कापता नुसतीच घसरतेय, हे पाठ करून उभं राहिलं तरी कळतं. पण आज ऐकायची गरजच नव्हती. तीसपैकी अठ्ठावीस जणांनी कानशीच्या टोकावर ठेवलेल्या डाव्या हाताचं पहिलं बोट वर उचललेलं होतं. चांगलं ताठ. सगळ्या वर्गाला एकदमच बाहेर जायची परवानगी हवी असावी तसं. कानस पुढे गेली की अठ्ठावीस बोटं पुढे, मागे आली की मागे. बाईंना हसू फुटलं, आणि ओठांवर येता येता अडलं. कारण समोरच्या चौथऱ्यावर मामा उभा होता, त्याच्याही राखाडी डाव्या हाताचं पहिलं बोट तसंच वर होतं, आणि कोपऱ्यातल्या व्हाइसवरच्या छोट्या स्पीकरमधून त्याचा तो मऊ, कधीच न वैतागणारा आवाज सांगत होता, "डावी तर्जनी वर घ्या. अजून थोडी. छान, आता बरोबर." बाईंनी खाली बघितलं. त्यांच्या डाव्या हातात पर्सचा पट्टा होता. अंगठा आणि तीन बोटं पट्ट्याभोवती होती. चौथं बोट हवेत होतं.

मामा हे त्या यंत्राचं नाव पोरांनी ठेवलेलं. खोक्यावर काहीतरी आकडे आणि अक्षरं होती, ती कोण लक्षात ठेवणार. कमरेपर्यंतचं धड, दोन हात, प्रत्येक हाताला पाच बोटं, डोक्याच्या जागी कॅमेरा, आणि प्रत्येक व्हाइसवर एकेक चिमुकला कॅमेरा आणि स्पीकर. कानस कशी धरायची ते मामा स्वतः करून दाखवी आणि कोण तसं करत नाही ते बघून ज्याच्या त्याच्या व्हाइसवर सांगे. मामाच का रे, असं बाईंनी विचारलं, तेव्हा कोपऱ्यातली ती दांडगी पोरगी म्हणाली होती, "बाई, रागवत नाही, कटकट करत नाही, आणि एकदा आला की जात नाही. आमचा सख्खा मामा अस्साच आहे." ही पोरगी म्हणजे वर्गाची बुलडोझर. पहिल्या आठवड्यात तिनं करवतीची तीन पाती मोडली होती. लोखंडानं तिच्या घरच्यांना काहीतरी वाईटसाईट बोललं असावं अशा त्वेषानं ती कानस मारायची.

आणि बाईंना विचाराल तर हा मामा त्यांना देवासारखा भेटला होता. गेल्या वर्षी त्यांचा आवाज गेला. सव्वीस वर्षं तीस कानशींच्या वर ओरडून घशाची पार चाळण झाली होती. ऑपरेशन झालं, डॉक्टरीणबाईंनी कानाला धरल्यासारखं बजावलं की यापुढे हळू बोलायचं, तेही थोडं. आवाज आला तो असा, कागदावर कागद घासल्यासारखा. प्राचार्य चांगला माणूस, त्यांनी चहा मागवला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "हत्यारांच्या कोठीत बसाल का? शांत जागा आहे." बाईंना कळलं की आपण आता छिन्न्या आणि हातोडे देत-घेत निवृत्तीची वाट बघणार. त्या मान हलवून बाहेर आल्या आणि जिन्यात उभ्या राहून लहान मुलीसारख्या रडल्या, तेही बिनआवाजाचं. आणि मग चार महिन्यांत मामा आला. ओरडायचं काम त्याचं, बघायचं काम बाईंचं. वर्ग हातचा गेला नाही. रोज घरी जाताना बाई चिंध्या घेऊन त्याच्या बोटांच्या सांध्यांतली लोखंडाची भुकटी पुसत. शिपाई दारातून म्हणे, "बाई, पावडरही लावा हो थोडी." त्या हसत. त्याचे आभार मानावेत असं त्यांना खरोखर वाटे, पण चौथऱ्याला बोल्ट मारून बसवलेल्याचे आभार कसे मानतात हे काही सुचत नसे, म्हणून त्या नुसत्या पुसत.

आता त्याच्या बोटांकडे बघताना त्यांना तो हातमोजा आठवला. मामाला शिकवायचं म्हणून तीन आठवडे त्यांना तारांचा हातमोजा घालून कानस मारावी लागली होती. कंपनीचा तरुण माणूस समोर पडद्याकडे बघत बसे. "मॅडम, काही सांगू नका, नुसतं करा. तुमचा हातच सगळं सांगतो." त्या वेळी हे ऐकून बाई फुलून गेल्या होत्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताला इतकं कुणी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. नवऱ्यानं बघितलं होतं म्हणा, पण थट्टेसाठी. त्या इस्त्री करत असल्या की तो म्हणे, "ते बोट कुणाला दाखवतेयस? मी काही केलेलं नाही." इस्त्रीचं कापड, डस्टर, दाराची मूठ, डाव्या हातानं काहीही धरलं तरी ते बोट वर. घरात ही इतकी जुनी गोष्ट झाली होती की तिचं काही वाटेनासं झालं होतं. आणि वर्गात? वर्गात त्या दर वर्षी पहिल्या दिवशी खणखणीत आवाजात सांगत, सगळी बोटं कानशीवर, एकही बोट वर नको. पुस्तकात आहे तसं. तोंड हे सांगे आणि हात दुसरंच करी, आणि पोरं बिचारी तोंडाचं ऐकत. म्हणून सव्वीस वर्षांत हे कधी उघड्यावर आलं नाही. आता तोंड गेलं होतं. मामाकडे फक्त हात आला होता. आणि बारा दिवस, बाई डॉक्टरांकडे घसा दाखवत असताना, मामानं पहिल्यांदाच एकट्यानं पकड शिकवली होती आणि पोरांनी तो हात जसाच्या तसा गिरवला होता.

कंपनीचा माणूस अकरा वाजता आला. वर्षातून दोनदा यायचा तसा. पाठीला पिशवी, हातात टॅबलेट, केस विंचरायला वेळ न मिळालेला. त्यानं बाईंना बाजूच्या काचेच्या खोलीत बसवलं. "मॅडम, एक छोटी गोष्ट आहे. हालचालींची सफाई करतोय आम्ही. कामाची नाही ती हालचाल यंत्रच शोधून काढतं." पडद्यावर एकच ओळ होती. डाव्या हाताची तर्जनी, उचललेली, उपयोग आढळला नाही. "थेट काढून टाकता आलं असतं. पण म्हटलं, तुमचं बोट आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं काढू?" बाईंना त्या पोराचं एकदम कौतुक वाटलं. हल्ली कोण विचारतं? त्यांनी हळू विचारलं, "काढलं तर त्याच्या कामात फरक?" "शून्य. जोर आपण आकड्यात दिलेला आहे, बोटाचा संबंधच नाही. पंधरा मिनिटांचं काम. फक्त तुमची सही हवी. मी चारपर्यंत आहे." तीन आठवड्यांवर पोरांची परीक्षा होती. बाहेरचा परीक्षक येतो, हातात पाटी घेऊन प्रत्येकामागे उभा राहतो, पकड चुकली की गुण कापतो. हे बाईंपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. सही लगेच करायला हवी होती. पेन हातात होतं. टॅबलेट धरलेल्या डाव्या हाताचं बोट वर होतं. "चारच्या आत सांगते," बाई म्हणाल्या.

तीस वर्षांपूर्वी त्या बाई नव्हत्या. ती होती. सतरा वर्षांची, दोन वेण्या घालून फिटर विभागात आलेली एकुलती एक मुलगी. बाकी एकोणचाळीस पोरं आणि मास्तर. मास्तर कमी बोलत. त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट दोन पेरं नसलेलं होतं. नुसतं थोटूक. पण त्या वयात मोठ्या माणसाचा हात कोण नीट बघतं? ते तिच्या व्हाइसपाशी येत, तिच्या हातातली कानस घेत, दहा-बारा हात मारत, कानस परत देत, आणि जात. ती डोळे फाडून बघे आणि जसंच्या तसं करी. तिला पोरांच्या पुढे जायचं होतं. पोरं चिडवत, "अंगठी नाही तर बोट कशाला दाखवतेस गं?" ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. मास्तर काही म्हणत नाहीत म्हणजे बरोबर आहे, एवढं तिला पुरे होतं. मग परीक्षा आली. जॉब दिला होता, चौकोनी खाचेत चौकोनी तुकडा बसवायचा, असा की उजेडासमोर धरला तर फटीतून उजेड जाऊ नये. अर्धा तास उरलेला असताना परीक्षक तिच्या मागे येऊन थांबला. जाडा, पेनाचं टोपण चावायची सवय असलेला माणूस. "हे काय बोट? कुणी शिकवलं हे?" चाळीस कानशी एकदम थांबल्या. आणि ती बोलून गेली, "मास्तरांनी. मास्तर असंच धरतात."

परीक्षकानं मान वळवून मास्तरांच्या हाताकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. तिनंही बघितलं, आणि जणू त्या क्षणी पहिल्यांदा तिला ते थोटूक दिसलं. बोट नव्हतंच तिथं; उरलेलं थोटूक कानशीपर्यंत पोचत नसणार, म्हणून वर. आणि तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आपण मास्तरांची कला शिकलो असं समजत होतो आणि शिकलो काय, तर त्यांची जखम. आणि ती चारचौघांत त्यांच्या तोंडावर फेकली. मास्तर दोन पावलं पुढे आले. आवाज नेहमीचाच. "हो, मीच शिकवलं. माझी चूक आहे. तिला काम करू द्या." परीक्षकानं पाटीवर काहीतरी लिहिलं आणि तो पुढे गेला. तिनं तो अर्धा तास कसा काढला कोण जाणे. तुकडा बसला. उजेड गेला नाही. ती पास झाली, पुढे इथंच लागली, आणि लागली तीही मास्तरांच्या चिठ्ठीवर, हे तिला नंतर कळलं. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. आधी धीर झाला नाही, मग फार दिवस झाले म्हणून लाज वाटली, मग फार वर्षं झाली. मास्तर निवृत्त झाले तेव्हाच्या समारंभात बाईंनी चांगलं लांबलचक भाषण केलं आणि त्यात सगळं होतं, फक्त ते नव्हतं.

म्हणजे हे बोट पुसायचं तर आता मास्तरांचं पुसायचं. त्यांच्या हाताची तेवढी एकच खूण आता या जगात होती, आधी बाईंच्या हातात, आता मामाच्या. ठेवावं तर पोरांचे गुण जाणार. काढावं तर, त्यांना वाटलं, तीस वर्षांपूर्वी सर्वांसमोर केलं तेच आपण पुन्हा करणार, या वेळी सही करून. बाईंनी दुपारची सुटी टाकली. बसमध्ये त्या डावा हात पदराखाली झाकून बसल्या होत्या, हे त्यांना उतरताना लक्षात आलं. त्यांना स्वतःचाच राग आला. मास्तर अठ्ठ्याहत्तरचे. गेल्या वर्षी आजारी होते असं कानावर आलं होतं आणि बाईंना तेव्हाही जायला जमलं नव्हतं. जमलं नव्हतं कसलं, गेल्या नव्हत्या. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या जिन्यात त्यांनी मनातल्या मनात वाक्यं जुळवली आणि प्रत्येक वळणावर ती मोडली.

दार सुनेनं उघडलं. "या या, बरं झालं आलात. बघा तुमच्या मास्तरांना, स्वयंपाकघराचा कारखाना केलाय. मला पोळपाट ठेवायला जागा नाही." मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. टेबलाच्या कडेला मुठीएवढा व्हाइस आवळलेला, त्यात कुणाच्या तरी दाराची किल्ली, आणि हातात बोटभर लांबीची बारीक कानस. शेजारीपाजारी किल्ल्या आणून देतात, सून सांगत होती, आणि मग बोलत बसतात, म्हणजे बोलतात तेच, हे कुठे बोलतात. मास्तरांनी मान वर केली. "कोण? अगं, तू होय. बस. आवाज गेला म्हणे तुझा?" "गेला," बाई म्हणाल्या. "बरं झालं. फार ओरडायचीस. माझ्या खोलीपर्यंत यायचं." आणि ते परत किल्लीकडे वळले. त्यांनी कानस किल्लीवर टेकवली, डावा हात पुढे आणून टोकावर ठेवला, आणि बाई पुढे वाकून बघायला लागल्या. थोटूक कानशीवर होतं. वर नव्हतं. घट्ट, खाली, कानशीच्या पात्यावर दाबलेलं, इतकं की त्याच्या टोकाला वर्षानुवर्षांचा घट्टा पडलेला होता. बाईंनी डोळे मिटले, उघडले. थोटूक खालीच होतं. एक हात, दोन हात, तीन हात. किल्लीवरून चंदेरी भुकटी टेबलावर पडत होती.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुम्ही ते वर धरायचात ना?" "काय?" "बोट." मास्तरांनी कानस थांबवली आणि आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू तो कुणी आताच आणून ठेवला होता. "कुठलं बोट? अगं, माझं बोटच नाही. नाही ते वर कसं धरणार?" सून ओट्याशी खुदकन हसली. बाईंना हसता येईना. त्यांनी मोबाइल काढला आणि सकाळी दारातून घेतलेलं चित्रण लावून त्यांच्यापुढे धरलं. मास्तरांनी चष्मा मागितला, मग मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला. अठ्ठावीस बोटं पुढे, मागे, पुढे, मागे. मग मास्तरांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता ठसका लागला, सून पाणी घेऊन धावली, तरी ते हसतच होते, डोळ्यांतून पाणी. "तुझं बोट! अगं, हे तर तुझं बोट! यंत्रानंही उचललं?" "माझं?" "मग कुणाचं? पहिल्या आठवड्यात दोनदा खाली दाबलं होतं मी ते. आठवत नाही तुला?"

बाईंना आठवत नव्हतं. तीस वर्षं रोज आठवलेल्या गोष्टीत एवढी एक गोष्टच नव्हती. मास्तर सांगत होते, तुटक तुटक, मध्येच किल्लीवरची भुकटी फुंकत. "तू फार जोर लावायचीस. पोरांच्या पुढे जायचं होतं ना तुला. कानस पुढे गेली की टोक दाबायचीस, आणि जॉबची कड गोल. मग कधी तरी कंटाळून ते बोट तू उचललंस. त्या दिवशी कड सरळ आली. मी गुण्या लावून काटकोन बघितला. उजेड गेला नाही. बोट वर गेलं की टोकावरचा भार कमी होतो, बाकी काही नाही. मी म्हटलं, पुस्तकाबाहेर आहे, पण जॉब सपाट आहे. कशाला बोला? बोललो असतो तर तू विचार करत बसली असतीस, आणि विचार करायला लागलं की हात बिघडतो. चाळीस होती वर्गात. एकोणचाळिसांची बोटं खाली घेतली. तुझं एकटीचं सोडलं." मास्तर गप्प म्हणजे त्यांच्यासारखंच जमतंय, असं बाई तेव्हा समजल्या होत्या. आणि हा माणूस रोज येऊन गुण्या लावून बघत होता आणि ओठ मिटून परत जात होता.

"मग परीक्षेत?" हा प्रश्न इतका बारीक आला की सुनेला ऐकू गेला नसावा. "परीक्षेत मी म्हणाले, मास्तरांनी शिकवलं. ते खोटं होतं." "हो," मास्तर म्हणाले, "होतं." "तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?" मास्तरांनी किल्ली व्हाइसमधून सोडवली, उजेडासमोर धरली, डोळा बारीक करून दातांकडे बघितलं. "काय सांगायचं? तुझा जॉब व्हाइसमध्ये होता. अर्धा तास उरला होता. मी समजावत बसलो असतो तर तो अर्धा तास गेला असता. शिवाय तो माझ्या हाताकडे बघत होता. बघू दे म्हटलं. त्याला दया आली. दोन गुण कापायला निघाला होता, एकच कापला." आणि ते परत हसले. बाईंना रडू आलं. जिन्यात आलं होतं तसंच, बिनआवाजाचं, पण हे वेगळं होतं, हे कढत होतं आणि त्यानं बरं वाटत होतं. "मास्तर, माझं चुकलं," त्या म्हणाल्या, "आणि मी कधी आले नाही, कधी बोलले नाही. मी आज जी काही आहे ना, ती तुमच्यामुळे." "बरं, बरं," मास्तर अवघडून म्हणाले, "पाणी पी. ते तेव्हाचं तेव्हा झालं. आज काय करणार आहेस ते सांग." बाईंनी डोळे पुसले आणि सगळं सांगितलं, हातमोजा, पडद्यावरची ओळ, सही. मास्तरांनी एकच विचारलं, "त्या यंत्राला दाबायची खोड आहे का?" "नाही. त्याचा जोर ठरवलेला आहे." "मग त्याला बोट कशाला? रोग नाही त्याला औषध पाजून काय उपयोग? काढून टाक." निघताना बाई वाकल्या आणि त्यांनी मास्तरांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तो थोटकासकट. घट्टा खरखरीत होता. मास्तर म्हणाले, "परत ये. लवकर ये हो, मी काही मामा नाही, बोल्ट मारून ठेवलेला."

पावणेचारला त्या परत पोचल्या. कंपनीचा माणूस शिपायाबरोबर गप्पा मारत बसला होता. बाईंनी सही केली. सही करताना डाव्या हाताचं बोट वर होतं आणि या वेळी बाईंनी त्याच्याकडे बघितलं, आपल्या गावचं माणूस अचानक भेटावं तसं. पंधरा मिनिटांत काम झालं. मामानं कानस धरली, सगळी बोटं खाली, पुस्तकातल्या चित्रासारखी. बाईंना वाटलं होतं काहीतरी तुटेल आत, पण तसं काही झालं नाही. उलट हलकं वाटलं. त्यांनी कंपनीच्या माणसाला सांगितलं, "विचारलंस ते फार बरं केलंस रे." त्यानं मान डोलावली, पण त्याला काय कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक व्हाइसवर मामा बोलत होता. "डावी तर्जनी खाली. छान." पोरं गोंधळली. एकजण म्हणाला, "बाई, मामा फितूर झाला." पण तासाभरात बोटं खाली आली, एक एक करत. बाई मागून फिरत होत्या. त्यांना आता आवाज नव्हता म्हणून कान तेवढे होते, आणि कोपऱ्यातून येणारा आवाज त्यांना आवडला नाही. कानस पुढे जाताना शेवटी खर्र होत होती. बुलडोझर. तिनं बोट खाली घेतलं होतं, दात आवळले होते, आणि सगळ्या अंगाचा भार कानशीच्या टोकावर टाकला होता. बाईंनी तिच्या हाताला हात लावून थांबवलं, जॉब सोडवला, त्यावर गुण्या टेकवला आणि खिडकीकडे धरला. कडेला उजेडाची बारीक रेघ होती. त्यांनी जॉब परत आवळला आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या, दुसरीकडे बघत. पोरगीनं दोन-चार हात मारले. मग वैतागून, नकळत, तिनं बोट उचललं. आवाज बदलला. खर्र गेली. सरळ, एकसारखा, लोखंड कापणारा आवाज. "डावी तर्जनी खाली," स्पीकर म्हणाला. पोरगीनं बोट खाली घेतलं, आणि खर्र परत आली.

बाईंनी हात पुढे केला आणि त्या व्हाइसवरच्या स्पीकरचं बटण बंद केलं. मामा समोर चौथऱ्यावर आपलं काम करत राहिला, एकोणतीस जणांशी बोलत राहिला. बोट परत वर गेलं. पंधरा-वीस हात झाल्यावर बाईंनी पुन्हा गुण्या लावला, पुन्हा खिडकीकडे धरला. उजेड गेला नाही. पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "बाई, बोट खाली ना? मामा तर म्हणाला खाली. खाली घेऊ?" बाईंनी आपल्या गळ्याला हात लावला, बोलता येत नाही गं, अशी खूण केली, आणि त्या पुढच्या व्हाइसकडे वळल्या.